हॉटेल कार्डांचा बोनस रात्रींत मोजावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी क्रेडिट कार्डांची माहिती छापली जाते तेव्हा वार्षिक फी नसलेल्या हॉटेल कार्डांचा, म्हणजे ज्यांच्या पॉइंटांतून एखाद्या हॉटेल कंपनीच्या हॉटेलांत राहता येते अशा कार्डांचा, एक तक्ता त्यात बहुतेक वेळा असतो. कार्डाचे नाव, साइन-अप बोनसचे (नव्या कार्डावर ठरल्या मुदतीत ठरलेला खर्च केल्यावर मिळणारे) पॉइंट आणि त्यासाठी करायचा खर्च, असे तीन रकाने; ज्याचे पॉइंट जास्त ते कार्ड सर्वांत वर. या क्रमावर विसंबून लोक अर्ज करतात, म्हणून हे पत्र. हिल्टनचे ८०,००० पॉइंट आणि विंडमचे ३०,००० पॉइंट शेजारी मांडणे म्हणजे एका पोत्याचे वजन शेरात आणि दुसऱ्याचे पायलीत सांगण्यासारखे आहे. धान्य कुठे जास्त, ते त्यावरून कळत नाही.

फी नसलेली हॉटेल कार्डे मुळात मोजकीच आहेत. अमेरिकन एक्स्प्रेसचे हिल्टन ऑनर्स, चेस बँकेची मॅरियट बॉनव्हॉय बोल्ड आणि आयएचजी वन रिवॉर्ड्स ट्रॅव्हलर ही दोन, बार्कलेजचे विंडम रिवॉर्ड्स अर्नर, आणि वेल्स फार्गोने २०२३ मध्ये आणलेले चॉइस प्रिव्हिलेजेस मास्टरकार्ड ही त्यांतली मुख्य. हिल्टनचा बोनस अलीकडच्या वर्षांत बहुधा ७०,००० ते १ लाखाच्या दरम्यान राहिला, अट सहा महिन्यांत २,००० डॉलर खर्चाची. आयएचजी ट्रॅव्हलरवर तीन महिन्यांत २,००० डॉलरला ८०,००० हा पुष्कळदा दिसणारा आकडा, कधी त्याहूनही जास्त. बोल्डवर १,००० डॉलरला ३०,०००, कधी २,००० डॉलरला ६०,०००. विंडम अर्नरवर ९० दिवसांत १,००० डॉलरला ३०,०००. चॉइसचे कार्ड बाजारात आले तेव्हा १,००० डॉलरला ६०,००० पॉइंट होते. हे आकडे काही आठवड्यांतही बदलतात. पुढचे हिशेब त्यामुळे पद्धत समजावी यासाठीच आहेत. अर्जाच्या दिवशी बँकेच्या पानावर जो आकडा दिसेल तो त्यात घालावा.

एका पॉइंटची किंमत काढणे अवघड नाही. ज्या हॉटेलात, ज्या तारखांना खरोखर राहायचे आहे, तिथला रोख दर करांसह पाहावा. पॉइंटांनी राहिल्यावरही जे पैसे द्यावेच लागणार असतील ते त्यातून वजा करावेत आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांनी भागावे. समजा खोलीचा दर १८० डॉलर, कर २५ डॉलर, आणि पॉइंटांत तीच रात्र ४०,०००ला. पॉइंटांच्या रात्रीवर सहसा कर लागत नाही, म्हणजे २०५ डॉलर वाचले. भागाकार केला की पॉइंटला अर्ध्या सेंटच्या किंचित वर किंमत येते.

हा हिशेब दोन ठिकाणी बिघडतो. पहिले ठिकाण रिसॉर्ट फीचे. सुट्टीच्या गावांतली आणि मोठ्या शहरांतली पुष्कळ हॉटेले खोलीच्या दरावर रोज वेगळी फी लावतात. रात्र पूर्णपणे पॉइंटांनी घेतली असेल तर हिल्टन ही फी माफ करते. मॅरियटमध्ये पॉइंटांच्या मुक्कामावरही ती भरावी लागते. फी ३५ डॉलर धरली तर वरच्या उदाहरणात हिल्टनमध्ये वाचलेली रक्कम २४० होते आणि पॉइंटची किंमत ०.६ सेंटवर जाते. मॅरियटमध्ये तीच फी खिशातून जाते आणि किंमत ०.५१ वरच राहते. पाच रात्रींत हा फरक १७५ डॉलरचा होतो, आणि तो बोनसच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

दुसरे ठिकाण तुलनेच्या दराचे. पॉइंटांची रात्र ठरावीक मुदतीपर्यंत रद्द करता येते, म्हणून ती रद्द करता येणाऱ्या दराशी ताडावी. आगाऊ भरलेल्या, परतावा नसलेल्या स्वस्त दराशी नाही. पण याहून महत्त्वाचे असे, की पॉइंट नसते तर आपण ते हॉटेल घेतलेच नसते आणि शेजारच्या ११० डॉलरच्या खोलीत राहिलो असतो, तर आपले वाचलेले पैसे ११० डॉलरच आहेत. ४०० डॉलरची खोली ८०,००० पॉइंटांत मिळाली म्हणून ४०० डॉलरचा फायदा झाला, असे मांडलेले हिशेब वाचकांची दिशाभूल करतात.

पॉइंटच्या किमतीला वरची मर्यादा कंपन्या स्वतःच घालून देतात. हिल्टन आपले पॉइंट एरवी १,००० ला १० डॉलरने विकते आणि वर्षातून अनेकदा तितकेच पॉइंट फुकट जोडून देते, म्हणजे भाव अर्धा सेंट. आयएचजीच्या विक्रीतही अर्ध्या सेंटचा भाव पुन्हा पुन्हा येतो. मॅरियटचा मूळ भाव १,००० ला १२.५० डॉलर आहे, तो सवलतीत खाली येतो. जी वस्तू कंपनी स्वतः अर्ध्या सेंटला विकते तिला बोनसच्या हिशेबात पाऊण सेंट धरायला काही आधार नाही. सावधपणे धरायचे तर हिल्टनला ०.४, आयएचजीला ०.५, चॉइसला ०.६, मॅरियट आणि विंडमला ०.७ सेंट धरावे, असे माझे मत आहे. या भावाने हिल्टनचे ८०,००० पॉइंट ३२० डॉलरचे होतात, आयएचजीचे ८०,००० पॉइंट ४०० डॉलरचे, चॉइसचे ६०,००० पॉइंट ३६० डॉलरचे, बोल्डचे आणि विंडमचे ३०,००० प्रत्येकी २१० डॉलरचे. चॉइसचे, बोल्डचे आणि विंडमचे निम्म्या खर्चात मिळतात, हे लक्षात घेतले की क्रम आणखी बदलतो.

डॉलरपेक्षाही रात्री मोजल्या की खरे चित्र दिसते, कारण या कार्डांसोबत येणारी फुकट रात्र बोनसच्या आकड्यात धरलेली नसते. हिल्टनचे कार्ड घेताच सदस्यत्वाचा सिल्व्हर दर्जा मिळतो आणि त्या दर्जाला पाचवी रात्र फुकट आहे: एकाच हॉटेलात सलग पाच रात्री, प्रमाणित (साधी, स्टँडर्ड) खोली, संपूर्ण पॉइंटांत, एकाच बुकिंगमध्ये. मॅरियटमध्ये पाच रात्रींत चारांचेच पॉइंट लागतात, पण ते सर्वच सदस्यांना. बोल्ड कार्डाचे त्यात श्रेय नाही. आयएचजीमध्ये चौथी रात्र फुकट, आणि ती कार्ड असणाऱ्यालाच मिळते, फी नसलेल्या ट्रॅव्हलरवरही. विंडममध्ये फुकट रात्र नाही. कार्डधारकाला पॉइंटांच्या रात्रीवर १० टक्के सूट आहे.

आता हे २०,००० पॉइंटांच्या हॉटेलावर मांडू. आयएचजीच्या ८०,००० मध्ये चार रात्री ६०,०००ला पडतात आणि उरलेल्या २०,००० मध्ये आणखी एक, एकूण पाच. हिल्टनच्या ८०,००० मध्ये चारांच्या पॉइंटांत पाच. दोन्ही सारखे दिसतात, पण चार रात्रींपलीकडे सुट्टी नसलेल्या कुटुंबाला हिल्टनची पाचवी रात्र कधीच मिळणार नाही. आयएचजीसाठी तीनची सहल चारवर न्यायची आहे, हिल्टनसाठी चारची पाचवर. शनिवार-रविवारला जोडून एखादा सोमवार मिळतो अशा लोकांना या दोन्ही सवलतींचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी विंडमची सरसकट १० टक्के सूट अधिक कामाची आहे, कारण ती एका रात्रीलाही लागू होते.

विंडमची आणखी एक गोष्ट तक्त्यात यायला हवी. तिथे पॉइंटांच्या रात्रीचे भाव ठरलेले आहेत: ७,५००, १५,००० किंवा ३०,०००. हिल्टन, मॅरियट आणि आयएचजी यांचे भाव मागणीप्रमाणे हलतात, मॅरियटने तर आपला ठरीव तक्ता २०२२ मध्ये काढूनच टाकला. ठरलेल्या भावामुळे विंडमचा बोनस आधी मोजता येतो. कार्डाच्या सुटीने १५,००० ची रात्र १३,५०० ला आणि ७,५०० ची ६,७५० ला पडते. ३०,००० मधून १५,००० वाल्या दोन रात्री घेतल्या की २७,००० जातात, ३,००० उरतात. बोनससाठी जे १,००० डॉलर खर्च करायचेच आहेत त्यांतले ६०० पेट्रोलवर केले तर पाचपटीने (डॉलरला पाच पॉइंट) ३,००० पॉइंट, आणि ४०० किराण्यावर केले तर दुपटीने ८०० मिळतात. बेरीज ६,८०० होते आणि ६,७५० ची तिसरी रात्र निघते. हेच १,००० डॉलर इतरत्र एकपटीने खर्च केले असते तर तिसरी रात्र हातची गेली असती.

हिल्टनच्या कार्डावरही तसेच. बोनस ७०,००० असताना २०,००० च्या चार रात्रींना १०,००० कमी पडतात. २,००० डॉलर कुठेही खर्च केले तर तिपटीने ६,००० मिळतात, आणि गाडे ७६,००० वर अडते. ते २,००० अमेरिकेतल्या सुपरमार्केटांत, रेस्टॉरंटांत आणि पेट्रोल पंपांवर केले तर पाचपटीने १०,००० मिळतात आणि बरोबर ८०,००० होतात. त्यातूनही थोडे कमी पडले तर हिल्टनमध्ये एकूण ११ जणांपर्यंत पॉइंट विनामूल्य एकत्र करता येतात. नवरा-बायकोच्या दोन खात्यांतले तुकडे असे उपयोगी पडतात.

सुपरमार्केट कशाला म्हणायचे हे मुख्यतः दुकानाला मिळालेला व्यापारी कोड (दुकानाचा प्रकार सांगणारा आकडा) ठरवतो. किराण्याचा कोड ५४११ आहे. आपल्याकडचे डाळ-तांदूळ मिळणारे भारतीय दुकान त्या कोडाखाली असेलच असे नाही, आणि मोठी सर्ववस्तू भांडारे व घाऊक क्लब सुपरमार्केटच्या व्याख्येतून वगळलेले असतात. पहिल्याच महिन्यात तिथे २०-२५ डॉलरची खरेदी करून पॉइंट किती पटीने जमा झाले ते पाहावे आणि मगच मोठा खर्च तिथे वळवावा. कॉस्टकोच्या अमेरिकेतल्या दुकानांत क्रेडिट कार्ड फक्त व्हिसा चालते. महिन्याचा बराचसा खर्च तिथे होणाऱ्या घराला हिल्टनचे अमेरिकन एक्स्प्रेस, आयएचजीचे आणि चॉइसचे मास्टरकार्ड बोनसची अट पुरी करायला तिथे कामी येत नाही. बोल्ड व्हिसा आहे, ते चालते.

बोनस हुकतो तो बहुतेक वेळा खर्चाच्या अटीवर. मुदत खाते मंजूर झाल्याच्या दिवसापासून मोजतात. कार्ड टपालाने घरी आले किंवा आपण ते चालू केले त्या दिवसापासून नाही. टपालात दहा दिवस गेले तर ९० तले ८० उरतात. परत केलेल्या वस्तूची रक्कम खर्चातून वजा होते, आणि ती बोनस मिळाल्यानंतर परत केली तरी बँक पॉइंट काढून घेऊ शकते. म्हणून २,००० ची अट असेल तर २,००० वर थांबू नये, १०० ते १५० डॉलर वर जावे आणि शेवटच्या तारखेच्या निदान दोन आठवडे आधी पुरे करावे, कारण काही व्यवहार खात्यावर नोंदायला दिवस लागतात. रोख उचल, दुसऱ्या कार्डाची थकबाकी वळवणे, व्याज, भेटकार्डे, माणसाने माणसाला पाठवलेले पैसे हे सहसा खर्चात धरत नाहीत. मित्राला ॲपवरून पैसे पाठवून अट पुरी झाली असे समजून बसलेल्यांना शेवटच्या आठवड्यात धावपळ करावी लागते.

खर्च कमी पडत असेल तर सहा महिन्यांचा गाडीचा विमा एकरकमी भरणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. बहुतेक विमा कंपन्या कार्डासाठी वेगळे पैसे घेत नाहीत आणि एकरकमी भरल्यावर हप्त्याचे शुल्कही वाचते. सरकारला आगाऊ भरायचा अंदाजित आयकर कार्डाने भरला तर मध्यस्थ कंपनी सुमारे पावणेदोन टक्के घेते, म्हणजे ५०० डॉलरवर नऊएक डॉलर. अडल्या वेळी तेवढे देणे परवडते. घरभाडे कार्डाने भरण्याच्या सेवा तीन टक्क्यांच्या आसपास घेतात. २,००० डॉलरच्या भाड्यावर ६० डॉलर गेले, तर २१० डॉलरच्या बोनसमधला चौथ्या भागाहून जास्त तिथेच संपला.

वार्षिक फी नाही म्हणून कार्ड फुकट आहे, असा समज मात्र ठेवू नये. या कार्डांचा व्याजदर सहसा वर्षाला २० टक्क्यांच्या वर असतो. २४ टक्के धरा: २,००० डॉलर एक महिना थकले तर ४० डॉलर व्याज. हिल्टनच्या ३२० डॉलरच्या बोनसचा आठवा भाग एका महिन्यात गेला, आणि आठ महिन्यांत सगळा. ज्या घरात कार्डाची बाकी महिन्यामागून महिना पुढे ढकलली जाते त्यांनी हॉटेलच्या बोनसकडे वळूच नये, हे तक्त्याच्या खाली ठळक अक्षरांत छापावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नव्याने आलेल्या मंडळींचा प्रश्न आणखी वेगळा. त्यांना मिळणारी मर्यादा लहान असते. ३,००० डॉलरच्या मर्यादेवर २,००० डॉलर खर्च केले आणि स्टेटमेंटमध्ये ती बाकी दिसली, की मर्यादेच्या ६७ टक्के वापर क्रेडिट अहवालात जातो आणि क्रेडिट स्कोअर त्या महिन्यात घसरतो. उपाय साधा आहे: स्टेटमेंट तयार होण्याच्या दोन-तीन दिवस आधी बहुतेक रक्कम भरून टाकावी. बोनससाठी खर्च धरतात, शिल्लक बाकी नाही. लवकर भरल्याने काही बुडत नाही. अमेरिकेतला क्रेडिट इतिहास नसलेल्यांसाठी अमेरिकन एक्स्प्रेस २०१९ पासून नोव्हा क्रेडिट या परदेशातला क्रेडिट इतिहास मिळवून देणाऱ्या कंपनीच्या मार्फत भारतातला इतिहास पाहते, म्हणून पहिले हॉटेल कार्ड म्हणून हिल्टनचे मिळणे चेसच्या कार्डांपेक्षा सोपे जाते. शिवाय अमेरिकन एक्स्प्रेस मंजुरी मिळणार की नाही ते आधी सांगते. आपण कार्ड स्वीकारले तरच अहवालावर कडक चौकशीची (हार्ड इन्क्वायरी, नव्या उधारीसाठी बँकेने अहवाल पाहिल्याची) नोंद होते. ती नोंद दोन वर्षे दिसते. पुढच्या काही महिन्यांत घरासाठी कर्ज काढायचे असेल तर कोणत्याही बोनससाठी अर्ज करू नये.

कोणते कार्ड आधी घ्यायचे, यावर बोनस मिळणे न मिळणे अवलंबून असते. चेसने कुठेही छापलेला नसला तरी अनुभवाने पक्का झालेला नियम असा, की गेल्या २४ महिन्यांत कोणत्याही बँकेची पाच किंवा जास्त वैयक्तिक कार्डे उघडली असतील तर चेस अर्ज नाकारते. जोडीदाराने आपल्याला त्याच्या कार्डावर अधिकृत वापरकर्ता म्हणून घेतले असेल तर तेही यात मोजले जाते. त्यामुळे बोल्डच्या २१० डॉलरसाठी या पाचांतली एक जागा खर्च करणे मला पटत नाही, विशेषतः ३०,००० चाच बोनस चालू असेल तेव्हा. शिवाय त्याच हॉटेलचे दुसरे कार्ड आपल्याकडे असेल किंवा त्यावर पूर्वी बोनस घेतलेला असेल, तर मॅरियट आणि आयएचजी या दोन्हींच्या अटींत नवा बोनस अडू शकतो. फी नसलेले ट्रॅव्हलर घेतल्यावर वर्षभराने मोठ्या बोनसचे फीवाले कार्ड घेऊ असे मनात असेल, तर अर्जाच्या पानावरचा तो परिच्छेद आधी वाचावा.

अमेरिकन एक्स्प्रेसचे उलट आहे. तिथे एका कार्डावरचा स्वागत-बोनस आयुष्यात एकदाच. ज्यांनी हिल्टनचे फीवाले कार्ड आधी घेतले आणि पुढे फी टाळण्यासाठी ते उतरवून फी नसलेले करून घेतले, त्यांच्याकडे फी नसलेले कार्ड बोनसविना येऊन गेले, आणि त्या कार्डाचा बोनस पुढे मागायची सोय बहुधा उरत नाही. म्हणून हिल्टनमध्ये लहान कार्डापासून सुरुवात करून वर जावे. अर्ज करताना बोनस मिळणार नाही अशी सूचना पडद्यावर आली तर तिथेच थांबावे. त्या टप्प्यावर अर्ज मागे घेता येतो. आणि बोनस मिळवून वर्षाच्या आत कार्ड बंद केले किंवा बदलले तर अमेरिकन एक्स्प्रेस पॉइंट परत घेऊ शकते. फी नसलेले कार्ड बंद करायचे कारण तसेही नसते.

पॉइंट चुकीच्या खात्यात जाणे हा प्रकार मराठी नावांच्या बाबतीत वारंवार घडतो. हॉटेलच्या सदस्य खात्यात नाव पासपोर्टप्रमाणे, मधले वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव धरून, बँकेच्या अर्जात मधले नाव गाळलेले, ईमेल तिसराच. अर्जात सदस्य क्रमांक टाकला नाही किंवा नाव जुळले नाही, की नवे सदस्य खाते उघडले जाते आणि बोनस त्यात जातो. मग हॉटेल कंपनीला फोन करून दोन खाती एकत्र करून घ्यावी लागतात. अर्ज करण्यापूर्वी हॉटेलच्या खात्यातले नाव आणि बँकेत लिहिणार ते नाव अक्षरनअक्षर एक करावे, क्रमांक अर्जात स्वतः भरावा, आणि ऑफरच्या पानाचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे. बोनस कमी आला तर बँकेच्या सुरक्षित संदेशपेटीत तेच चित्र जोडता येते.

बोनस हाती येतो कधी, हेही तक्त्यात नसते. खर्चाचे तीन महिने, त्यानंतर अटींप्रमाणे आणखी सहा ते आठ आठवडे, आणि पुष्कळदा पॉइंट स्टेटमेंट बंद झाल्यावरच हॉटेलच्या खात्यात पडतात. प्रत्यक्षात ते लवकर येतात, पण मे महिन्यातल्या पदवीदानासाठी आई-वडिलांची खोली पॉइंटांनी घ्यायची असेल तर मार्चमध्ये अर्ज करून भागणार नाही. अशा तारखांना विद्यापीठाच्या गावातल्या प्रमाणित खोल्या संपतात, आणि हिल्टनमध्ये मग त्याच हॉटेलातली चढी खोली कैकपट पॉइंटांत दाखवली जाते; तिला पाचवी रात्रही फुकट नाही. बोनसची किंमत सर्वांत जास्त याच दिवसांत निघते, पण आठ-दहा महिने आधी पॉइंट खात्यात असतील त्यांनाच.

पॉइंट बुडतातही. हिल्टन आणि मॅरियटमध्ये २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर ते बुडतात, चॉइसमध्ये १८ महिन्यांनी. आयएचजीमध्ये दर्जा नसलेल्या सदस्याला १२ महिन्यांचीच मुदत आहे, पण ट्रॅव्हलर कार्डाने सिल्व्हर दर्जा मिळतो आणि दर्जा असेपर्यंत पॉइंट बुडत नाहीत. कार्ड बंद केले तर ही ढाल जाते आणि चौथी रात्रही. विंडमचे नियम सर्वांत कडक: १८ महिने हालचाल नसेल तर जातातच, आणि हालचाल असली तरी प्रत्येक पॉइंट मिळाल्यापासून चार वर्षांनी संपतो. विंडमचे पॉइंट साठवून ठेवू नयेत.

करांबद्दल वाचक हमखास विचारतात. खर्चाच्या अटीवर मिळालेला बोनस हा खरेदीवरची सूट धरला जातो, त्यावर आयकर लागत नाही. जोडीदाराला किंवा मित्राला कार्ड सुचवल्याबद्दल मिळणारे पॉइंट मात्र उत्पन्न धरतात आणि बँक त्यासाठी १०९९-मिस्क हा इतर उत्पन्न कळवणारा फॉर्म पाठवू शकते.

हे सगळे करून शेवटी रोख परताव्याच्या कार्डाशी गाठ घालावी लागते, आणि ती तुलना हॉटेल कार्डांच्या तक्त्यातून कायम वगळलेली असते. फी नसलेल्या साध्या कार्डांवर तीन महिन्यांत ५०० डॉलर खर्चाला २०० डॉलर रोख, अशी ऑफर नेहमी असते. म्हणजे खर्चलेल्या डॉलरला ४० सेंट. आयएचजीचे ४०० डॉलर २,००० खर्चावर, म्हणजे डॉलरला २० सेंट. शिवाय तेच २,००० डॉलर दोन टक्के परताव्याच्या कार्डावर केले असते तर ४० डॉलर मिळाले असते, ते सोडून दिले. चॉइसचे ३६० डॉलर १,००० वर, म्हणजे ३६ सेंट, रोखीच्या जवळ जाणारे. ज्या घराचा महिन्याचा कार्डावरचा खर्च ६००-७०० डॉलरच आहे त्यांनी आधी रोखीचे कार्ड घ्यावे. ज्यांच्या पुढच्या वर्षातल्या हॉटेलांच्या तारखा ठरलेल्या आहेत आणि खर्चही मोठा आहे, त्यांनी आयएचजी ट्रॅव्हलर किंवा हिल्टन पाहावे. महामार्गावरच्या छोट्या गावांतून गाडीने हिंडणाऱ्यांना विंडम आणि चॉइस यांची हॉटेले जागोजागी सापडतात.

आणखी एक गोष्ट संपादकांच्या नजरेस आणणे आवश्यक वाटते. तुलना करणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांना अर्जामागे बँकेकडून दलाली मिळते. तिथे दिसणारी ऑफर दलाली देणारी असते, सर्वांत चांगली असेलच असे नाही. त्याच कार्डाची मोठी ऑफर कधी हॉटेलच्या स्वतःच्या बुकिंगच्या शेवटच्या पानावर येते, कधी बँकेच्या शाखेत, कधी ब्राउझरच्या खासगी खिडकीत बँकेचे पान उघडल्यावर. तुलनेच्या संकेतस्थळांवरून आकडे उचलून तक्ता छापला की ती मर्यादाही आपल्या पानावर येते.

तेव्हा पुढचा तक्ता छापताना पॉइंटांच्या आकड्याशेजारी निदान एवढे रकाने द्यावेत: ऑफर तपासल्याची तारीख, खर्चाची अट आणि मुदत, सावध भावाने डॉलरमधली किंमत, १५,००० आणि २०,००० पॉइंटांच्या हॉटेलात फुकट रात्र किंवा सूट धरून प्रत्यक्ष किती रात्री, पॉइंटांच्या मुक्कामावर रिसॉर्ट फी लागते की नाही, पॉइंट किती महिन्यांनी बुडतात, आणि कार्ड व्हिसा, मास्टरकार्ड की अमेरिकन एक्स्प्रेस. जागा कमी असेल तर पॉइंटांचा रकाना गाळला तरी चालेल, रात्रींचा गाळू नये.

आपला,
एक वाचक